शिवाजीनगरची टर्की

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, इतिहासाच्या गप्पांमध्ये हे कोंबडं कुठून आलं? पण या एका पक्ष्याच्या मागे लागलं की मेक्सिको, गोवा, जहांगीर बादशहाचा दरबार, इंग्रजांची छावणी आणि शेवटी बंगळूरचं शिवाजीनगर, एवढा सगळा प्रवास आपोआप होतो. म्हणून आज टर्कीची गोष्ट. खरं तर परक्या गावात आपला सण करायचा तर त्यासाठी लागणारी वस्तू कशी मिळवायची, याची ही गोष्ट आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको.

सुरुवात माझ्या एका नोव्हेंबरातल्या शनिवारपासून करतो. तेव्हा माझ्याबरोबर एक अमेरिकन सहकारी काम करायचा. बंगळुरात येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी असतो. घरी बारा माणसं जेवायला बोलावली होती आणि टेबलावर अख्खी भाजलेली टर्की हवी होती. परदेशी माल ठेवणाऱ्या एका दुकानात त्याने चौकशी केली. तिथे म्हणाले, मागवून देऊ. मग म्हणाले, पुढच्या आठवड्यात. आणि सणाला पाच दिवस उरले असताना म्हणाले, माल आलाच नाही. बिचारा तोंड पाडून बसला होता. आमच्या ऑफिसातली एक मुलगी फ्रेझर टाउनची, तिथेच वाढलेली. ती म्हणाली, अरे, शिवाजीनगरला जा ना!

तर आम्ही गेलो. रसेल मार्केटच्या आजूबाजूला जिवंत पक्षी विकणाऱ्यांचे पिंजरे असतात. कोंबड्या, बदकं, लाव्हे, कबुतरं. एका पिंजऱ्यात चार काळ्या-करड्या टर्क्या मान वर करून उभ्या होत्या. मी विचारलं, केवढ्याला? विक्रेता साठीचा गृहस्थ. त्याने माझ्या मित्राकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अब्बी नक्को साब. दुबला है. बडे दिन कू आओ."

मंडळी, त्या "नक्को"पाशी मी थबकलो. हा आपला मराठी "नको". दखनी उर्दूत तो कधीचा मुरलेला आहे. हैदराबादपासून बंगळूरपर्यंत माणसं तो घरचा म्हणूनच वापरतात. बंगळूरच्या शिवाजीनगरात, उर्दू बोलणारा माणूस, अमेरिकन गिऱ्हाइकाला मराठी शब्दाने नाही म्हणतोय. आणि ज्या पक्ष्यावरून हे चाललंय तो मेक्सिकोचा. आजची सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आहे. पण ती उलगडायला जरा मागे जावं लागेल.

नाव कुणाचं, पक्षी कुणाचा

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातला पक्षी. मेक्सिकोतल्या लोकांनी तो युरोपीय तिथे पोचायच्या कितीतरी शतकं आधी माणसाळवला. अझ्टेकांच्या बाजारात तो विकला जायचा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो स्पेनला नेला. तिथून तो युरोपभर इतक्या वेगाने पसरला की 1550 साली यॉर्कशायरच्या विल्यम स्ट्रिकलंड नावाच्या जमीनदाराने आपल्या कुलचिन्हावर टर्कीचा नर मिरवायची परवानगी मिळवली.

आता गंमत नावांची. इंग्रजांना वाटलं, पूर्वेकडून माल आणणारे व्यापारी तुर्कस्तानातून येतात, म्हणजे हाही तिकडचाच. म्हणून टर्की. तुर्क लोक त्याला काय म्हणतात? "हिंदी". म्हणजे हिंदुस्थानचा. फ्रेंच लोक "दँद" म्हणतात, त्याचाही अर्थ हिंदुस्थानचा. डच लोक म्हणतात "काल्कून", म्हणजे कालिकतचा, आपल्या केरळातल्या कोळिकोडचा! डच लोक श्रीलंकेत गेले आणि ते नाव सिंहली भाषेतही जाऊन बसलं. अरबीत त्याला रूमी कोंबडा म्हणतात. आणि पोर्तुगीज म्हणतात "पेरू". पेरू म्हणजे दक्षिण अमेरिकेतला देश. निदान खंड तरी बरोबर ओळखला म्हणायचा.

हा पोर्तुगीज "पेरू" हिंदुस्थानी भाषेत आला, जुन्या उर्दू-हिंदी कोशांत टर्कीला हाच शब्द सापडतो. आपल्या मराठीत मात्र पेरू म्हणजे फळ. तो शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलाय, पण वेगळ्या वाटेने. त्यांच्या भाषेत नासपतीला "पेरा" म्हणतात, त्यावरून. एकाच जहाजातून दोन पाहुणे उतरावेत आणि गावाने दोघांना एकच नाव द्यावं, तसं झालं.

थोडक्यात काय, या पक्ष्याला प्रत्येकाने दुसऱ्या कुणाचा तरी म्हटलं. आपला कुणीच म्हटलं नाही. आणि तोच पुढे जगभरच्या परदेशस्थ माणसांना घरची आठवण करून देणारा पक्षी झाला.

गोव्याहून आग्र्याला

भारतात टर्की आली ती पोर्तुगीजांबरोबर आणि तिची सगळ्यात गाजलेली नोंद आहे 1612 सालची. खंबायत आणि सुरत या बंदरांचा कारभार पाहणारा मुकर्रब खान हा जहांगीर बादशहाचा विश्वासू माणूस. बादशहाने त्याला सांगितलं होतं की गोव्याला जा आणि तिथे ज्या दुर्मीळ वस्तू मिळतील त्या घे, किमतीकडे बघू नकोस. फिरंग्यांनी जे मागितलं ते त्याने मोजलं आणि बऱ्याच चिजा घेऊन तो परतला. त्यांत काही विचित्र प्राणी-पक्षी होते. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो की असे प्राणी मी पूर्वी पाहिले नव्हते आणि त्यांची नावंही कुणाला ठाऊक नव्हती.

पुढे त्याने टर्कीचं जे वर्णन केलंय ते एखाद्या पक्षी निरीक्षकाला शोभावं असं आहे. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. डोकं आणि मान यांचा रंग घडोघडी बदलतो. कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, कधी निळा, एखाद्या सरड्यासारखा. चोचीवरचं मांस माजावर आल्यावर हत्तीच्या सोंडेसारखं वीतभर लोंबतं आणि आवरून घेतलं की गेंड्याच्या शिंगासारखं उभं राहतं. बादशहा म्हणतो, माझा पणजोबा बाबर याने प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रकारांकडून चित्रं काढून घेतली नाहीत. मी दोन्ही करतो. त्याचा लाडका चित्रकार मन्सूर याने काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कधी इंटरनेटवर जरूर पाहा. एकेक पीस मोजून घ्यावं असं चित्र आहे.

आता जरा विचार करा. मुकर्रब खानाला हा पक्षी गोव्यात विकत मिळाला, म्हणजे तिथे तो होता. आणि तो जंगलात सापडलेला नव्हता. तो पोर्तुगीजांच्या जेवणाच्या टेबलासाठी होता. पोर्तुगालमध्ये नाताळचा पेरू मारण्याआधी त्याला दारू पाजायची जुनी रीत होती. मांस मऊ होतं, असा समज. जो पक्षी दिल्ली-आग्र्याच्या बादशहाला अद्भुत वाटला, तो गोव्यातल्या परदेशी माणसाला सणाच्या जेवणातला नेहमीचा वाटत होता. एकाचं नवल ते दुसऱ्याचं घरचं.

ब्लॅकपल्लीत नाताळ

आता बंगळूरला येऊ. या शहराचं मराठी नातं इंग्रजांच्या आधीचं. 1638 साली विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्ला खानाच्या नेतृत्वाखाली केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आलं. जवळजवळ पन्नास वर्षं इथे भोसल्यांचा अंमल होता. पुढे व्यंकोजीराजांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतलं आणि बस्तान तिकडे हलवलं. 1687 मध्ये मोगलांनी बंगळूर जिंकलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती ते गेलं.

तंजावरच्या मराठी दरबाराची एक गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, राजवाड्यात एकाहून अधिक स्वयंपाकघरं चालायची. मराठी पद्धतीचा स्वयंपाक वेगळा, ब्राह्मणी वेगळा आणि इंग्रजी पदार्थांचा वेगळा. पाककृतींची नोंद करून "शरभेंद्र पाकशास्त्र" नावाचा ग्रंथही तयार झाला. दोनशे वर्षांपूर्वी तमिळ मुलखात राहणारा मराठी राजा स्वतःची चव जपत होता आणि आलेल्या इंग्रज पाहुण्याला त्याची चव देत होता.

इकडे 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं. इंग्रजांची फौज तिथे राहिली, पण हिवतापाने माणसं आजारी पडायला लागली. म्हणून 1809 साली छावणी बंगळूरला हलवली. हवा थंड, जमीन मोकळी. जुनं बंगळूर, म्हणजे पेटे, एका बाजूला आणि ही नवी छावणी दुसऱ्या बाजूला. छावणी आली म्हणजे नुसते गोरे शिपाई आले असं नाही. त्यांच्याबरोबर तमिळ कामगार आणि व्यापारी आले, उर्दू बोलणारे कसाई, शिंपी, घोडेवाले आले, तेलुगू बोलणारे आले. या सगळ्यांची वस्ती जिथे झाली तिला इंग्रज म्हणायचे ब्लॅकपल्ली. हेच आजचं शिवाजीनगर.

1881 मध्ये म्हैसूरचं राज्य वोडेयरांना परत मिळालं, तरी छावणी इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवली, थेट 1947 पर्यंत. एकाच शहरात दोन कारभार. छावणीत ब्लॅकपल्लीच्या मधोमध सेंट मेरीचं चर्च. 1882 मध्ये त्याची आजची गॉथिक इमारत पूर्ण झाली आणि 1973 मध्ये त्याला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. जवळच मशीद, देवळं आणि बाजार.

आता या छावणीतल्या इंग्रज बाईचा डिसेंबर डोळ्यांसमोर आणा. इंग्लंडमध्ये तोवर टर्कीला मोठा मान आला होता. पूर्वी नाताळला हंस नाहीतर गोमांस असायचं. पण नॉरफोकच्या शेतांतून टर्क्यांचे कळप ऑगस्टपासूनच पायी लंडनकडे हाकलत न्यायचे, पाय झिजू नयेत म्हणून पायांना डांबर नाहीतर कातडं लावून. 1843 मध्ये डिकन्सची "ए ख्रिसमस कॅरोल" आली. तिच्यात कंजूष स्क्रूजचं मन पालटल्यावर तो आपल्या कारकुनाच्या घरी पाठवतो ती टर्कीच.

हिंदुस्थानातल्या इंग्रजांना तर या पक्ष्याचं वेडच होतं. एमा रॉबर्ट्स नावाची लेखिका 1830 च्या दशकात बंगालकडच्या मोठ्या मेजवान्यांचं थट्टेच्या सुरात वर्णन करते. टेबलावर मानाच्या जागी धष्टपुष्ट टर्की आणि तिच्यासमोर भलंमोठं हॅम. उन्हाळा असो, खाणाऱ्याला भूक असो नसो. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या माणसाला आपण कोण आहोत हे दाखवायचं असेल तर तो पान जास्तच भरगच्च वाढतो. आपल्याकडे परगावच्या मंडळांच्या गणपतीत प्रसादाचे पदार्थ मूळ गावापेक्षा जास्त का असतात, याचंही उत्तर त्यातच आहे.

पण टर्की मिळवायची कशी? जिला मिळायची नाही तिच्या टेबलावर त्या काळी चक्क मोर यायचा. बाकीच्यांनी काही महिने आधी लहान टर्की विकत घ्यायची आणि बंगल्याच्या आवारात खाऊ घालून वाढवायची. फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं 1888 चं पुस्तक हिंदुस्थानात नव्याने आलेल्या मेमसाहेबांसाठी घर चालवण्याची पोथीच होतं. त्यात स्वयंपाक आणि नोकरांबरोबर घरची दुभती जनावरं आणि कोंबड्या यांचीही निगा सांगितली आहे. कारण चांगलं हवं तर घरी पोसा, अशीच तेव्हाची स्थिती होती.

घरी पोसा म्हणजे कुणी पोसायचं? मेमसाहेब काही पहाटे उठून खुराडं साफ करत नव्हती. ते करायचा ब्लॅकपल्लीतला माणूस. भाजायचा बावर्ची. विलायती ओव्हन नसायचा, तेव्हा मोठ्या पातेल्यात पक्षी ठेवून झाकणावर निखारे, खाली निखारे, असं तासन्‌तास सांभाळून भाजायचं. त्यातल्या बहुतेकांनी इंग्लंड पाहिलं नव्हतं. नाताळ त्यांचा सणही नसायचा. तरी इंग्रजाचा नाताळ उभा राहायचा तो त्यांच्या हातांवर.

आता टर्की वाढवणं म्हणजे काय हे ऐका, म्हणजे मी हे का सांगतोय ते कळेल.

पिल्लाला खायला शिकवावं लागतं

टर्कीचं अंडं उबायला अठ्ठावीस दिवस लागतात, कोंबडीपेक्षा आठवडाभर जास्त. पिल्लू बाहेर आलं की खरी परीक्षा सुरू होते. कोंबडीचं पिल्लू पहिल्याच दिवशी टोचायला लागतं. टर्कीच्या पिल्लाला समोरचं खाणं दिसत नाही, पाणी ओळखू येत नाही, ते घाबरट असतं. समोर दाणे असताना उपाशी मरतं. म्हणून तमिळनाडूत शेतकऱ्यांना आजही शिकवतात की पहिले पंधरा दिवस दहा पिलांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून भरवा, लिटरभर पाण्यात शंभर मिलिलिटर दूध घाला, भांड्यात रंगीत गोट्या टाका म्हणजे पिल्लू चमक पाहून चोच मारेल आणि खायला शिकेल. शिवाय कोंबड्यांबरोबर ठेवायचं नाही. कोंबड्या ज्या रोगाने फारशा आजारी पडत नाहीत, तो रोग टर्कीला लागला तर कळप जातो.

आणि वेळ? भरल्या अंगाचा नर हवा तर पाच-सहा महिने लागतात. म्हणजे पंचवीस डिसेंबरला जो पक्षी टेबलावर यायचा, त्याचं अंडं मे-जूनमध्ये उबवायला बसलेलं असतं. पाहुण्याला सणाची आठवण डिसेंबरात होते. पोसणाऱ्याला ती उन्हाळ्यातच करावी लागते.

आता त्या विक्रेत्याचं वाक्य परत ऐका. "अब्बी नक्को साब. दुबला है. बडे दिन कू आओ." नोव्हेंबरातला चौथा गुरुवार आणि पंचवीस डिसेंबर यांत चार-पाच आठवड्यांचं अंतर. शिवाजीनगरचं गणित दोनशे वर्षं बड्या दिवसाचं आहे. पिल्लं त्याच हिशोबाने वाढतात. अमेरिकेत लिंकनने 1863 मध्ये थँक्सगिव्हिंग राष्ट्रीय पातळीवर साजरा करायला सांगितलं आणि 1941 च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला, हे त्या विक्रेत्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण महिनाभराने हा पक्षी किती भरेल, हे त्याला नक्की माहीत होतं. तो विकू शकला असता. गिऱ्हाईक अडलेलं होतं. तरी त्याने आधी नाही म्हटलं.

नावं बदलतात, बाजार राहतो

आम्ही उभे होतो त्या रसेल मार्केटचा इतिहासही सांगतो. ही वास्तू 1927 च्या सुमाराची. छावणीच्या नगरपालिकेचे तेव्हाचे आयुक्त रसेल यांच्या नावाची. 1933 मध्ये बंगळूरचे प्रसिद्ध व्यापारी हाजी सर इस्माईल सेट यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. भाजी, फळं, फुलं, मांस, मासे सगळं एका छताखाली, म्हणजे मुंबईच्या 1869 च्या क्रॉफर्ड मार्केटसारखंच. 2012 च्या फेब्रुवारीत इथे मोठी आग लागली, कितीतरी गाळे जळाले. दुकानदारांनी पुन्हा मांडणी केली आणि बाजार चालू ठेवला.

स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये, पेटे आणि छावणी एकत्र होऊन बंगळूरची एक महानगरपालिका झाली. ब्लॅकपल्लीचं शिवाजीनगर झालं. पुण्यात भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं, तसंच. पण नाव बदललेल्या वस्तीत बाजार मात्र अजून रसेलचाच आहे. चर्च मेरीचं आहे. पिंजऱ्यातला पक्षी तुर्कस्तानच्या नावाचा आहे. आणि विक्रेत्याच्या तोंडात "नक्को" आहे. शहाजीराजांच्या जहागिरीची निशाणी म्हणून या शहरात शिलालेख आणि देवळं दाखवतात, ती आहेतच. मला ते "नक्को"ही तेवढंच मोलाचं वाटतं. अर्थात तो शब्द दखनीत आला तो बहामनी आणि आदिलशाही मुलखातल्या शतकानुशतकांच्या शेजारातून. कुण्या एका राजाने तो आणला नाही.

सरकारदरबारीही या पक्ष्याने बरीच धावपळ केली आहे. बर्ड फ्लूच्या कारणाने भारताने 2007 मध्ये अमेरिकेतून येणाऱ्या कोंबडी-टर्कीच्या मांसावर बंदी घातली. अमेरिका 2012 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि 2015 मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला. शेवटचा वाद मिटला 2023 च्या सप्टेंबरात, दिल्लीतल्या जी-20 परिषदेच्या वेळी. त्यानंतर गोठवलेल्या टर्कीवरचं आयात शुल्क तीस टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आलं. म्हणजे आमच्या त्या दुकानदाराने "माल आलाच नाही" म्हटलं, त्यामागे कधीकधी जिनिव्हापर्यंत लांब शेपूट असतं.

तोपर्यंत इथल्या लोकांनी आपली सोय केलीच होती. बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने "कारी विराट" नावाची पांढरी टर्की तयार केली. तमिळनाडू आणि केरळात छोटे शेतकरी परसात टर्क्या पाळतात. तमिळमध्ये तिला "वान कोळी" म्हणतात, शब्दशः आभाळकोंबडी. एवढ्या सगळ्या नावांत हे एकच मला असं दिसलं की ज्यात तिला दुसऱ्या देशाचं ठरवलेलं नाही.

मग त्या गुरुवारी काय झालं

माझ्या मित्राला महिनाभर थांबणं शक्य नव्हतं. त्याने विक्रेत्याला समजावलं, म्हणजे मी समजावलं, की यांचा सण बड्या दिवसाच्या आधी येतो. तो हसला. म्हणाला, मग एक मोठी घेऊ नका, दोन माद्या घ्या. लहान आहेत, पण कोवळ्या आहेत. बुधवारी संध्याकाळी साफ करून देतो. पुढचा प्रश्न भाजण्याचा. मित्राच्या घरचा ओव्हन केक करण्यापुरता. त्यावर उपाय सुचवला ऑफिसातल्या त्याच मुलीने. छावणीच्या भागात जुन्या घरांतून नाताळचा केक नाहीतर भाजायचं मांस शेजारच्या बेकरीत न्यायची पद्धत आहे. पाव काढून झाल्यावर भट्टी तापलेलीच असते. गोव्यातही हे चालतं. बेकरीवाल्याने दोन्ही ट्रे घेतले, वर लोणी चोपडलं, आणि गुरुवारी दुपारी सोनेरी होऊन ते परत आले.

जेवताना मित्राने, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, कशाकशाबद्दल आभारी आहे ते सांगितलं. आईवडिलांचं नाव घेतलं, मित्रांचं घेतलं. मग थोडा थांबला आणि म्हणाला, त्या बाजारातल्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. जेवण छान झालं, पण त्याचं हे वाक्य माझ्या मनात राहून गेलं.

कारण मग मला माझं आठवलं. श्रावणात पातोळ्यांसाठी हळदीची पानं मी बंगळुरात दर वर्षी विकत आणतो. ती मिळतात कारण मंगळूरकडच्या लोकांनाही ती लागतात, आणि त्यांच्यासाठी कुणीतरी ती उगवतो, पहाटे तोडतो, गाडीत घालतो. गणपतीच्या आदल्या दिवशी दूर्वांची जुडी घेऊन बसलेली बाई कुठल्या गावाहून आली, हे मी कधी विचारलं होतं? बडोद्याच्या, इंदूरच्या, हैदराबादच्या, न्यू जर्सीच्या मराठी घरांत सण होतो तेव्हा आपण म्हणतो, आम्ही आपली परंपरा टिकवली. खरं आहे. पण त्या टिकवण्यात त्या गावच्या माणसांचा वाटा किती? जहागिरी आल्या आणि गेल्या, छावणी आली आणि गेली, कंपन्या आल्या. पाहुणे बदलत गेले. त्यांचा सण लक्षात ठेवून मे महिन्यात अंडी उबवायला ठेवणारा माणूस मात्र इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. मन्सूरने टर्कीचं पीसन्‌पीस रंगवलं. गोव्यात तिला दाणा घालणारा कोण होता, हे जहांगीरनेही लिहिलं नाही आणि पोर्तुगीजांनीही नाही.

त्याच डिसेंबरात मी पुन्हा शिवाजीनगरला गेलो. बॅसिलिकेवर रोषणाई होती, बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा विक्रेता तिथेच होता. पिंजऱ्यातले नर आता खरोखर भरले होते आणि रंग बदलत होते, जहांगीरने लिहिलंय तसेच, लाल, पांढरे, निळे. मी त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं आणि माझं विचारलं. मग म्हणाला, तुमचे ते साहेब पुढच्या सालाला येणार असतील तर जूनमध्येच सांगा, दोन आधी बसवतो.

मंडळी, तुमच्या गावात तुमच्या सणाची अशी कुठली वस्तू आहे आणि ती तुमच्यापर्यंत कोण पोचवतं, हे मला जरूर कळवा. जमलं तर त्या माणसाचं नाव विचारा.